मनगट आणि कोपर

हात खाली पडला आणि सतरंज्यांवर बसलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरे बापरे!" निघालं.

योगाच्या नवशिक्यांचा पहिला वर्ग होता. गुरुजी म्हणे देहाचं ऐकून ज्याचा त्याला वेगळा योग देत. पुढे उभी होती शिंप्याची बायको. एका मुठीत फिटच्या गोळ्यांची बाटली, दुसरा हात आडवा, ताठ. गुरुजींनी दोन बोटांनी दाबताच तो लुळा पडला.

"बघा! पेशीन् पेशी ओरडतेय, हे विष काढा! आता बाटली ठेवा आणि तुमचं आसन मनात आणा. वृक्षासन!"

पुन्हा दाबलं. हात जागचा हलेना. टाळ्याच टाळ्या!

पेशींना ओरडायला तोंड कधी फुटलं बुवा, असं शिंप्याच्या मनात आलं. पण बायकोकडे बघून त्यानंही टाळी वाजवली. कित्येक वर्षांत ती अशी खुलली नव्हती.

"अहो, आता नातवाला मी एकटी सांभाळीन," ती वाटेत म्हणाली. फिटच्या धास्तीनं माहेरी आलेली लेक बाळाला तिच्याजवळ एकटं सोडत नसे.

गोळ्या बंद झाल्या. शिंपी "नको गं" म्हणाला, पण तिचा आनंद मोडवेना. आईला बरं वाटतंय म्हणून लेकही सैलावली. एकदा ती आंघोळीला गेली, बाळ आजीच्या मांडीवर होतं, आणि फिट आली. बाळ फरशीवर आपटलं. कपाळाला टाके पडले, जीव वाचला. लेक त्याला घेऊन सासरी गेली ती पुन्हा फिरकली नाही.

"माझंच आसन चुकलं असणार," बायको रडत म्हणाली. ते मात्र शिंप्याला पटेना. पुढच्या वर्गाला तो तिच्यासोबत तिच्या डॉक्टरीणबाईंनाही घेऊन गेला.

बाईंनी दोन सारख्या पुड्या काढल्या. "एकीत फिटच्या गोळ्या, एकीत तशाच दिसणाऱ्या साखरेच्या. कुठली कशात, मी सांगणार नाही. देहाला विचारून ओळखा."

"आज इथल्या लहरी अशुद्ध आहेत," म्हणत गुरुजींनी शाल सावरली.

"मग मी दाखवते. मावशी, हात आडवा धरा." बाईंनी मनगटावर दाबलं, हात पडला. मग फिटच्या गोळ्यांची पुडी मुठीत देऊन कोपराच्या अलीकडे, दंडावर दाबलं. हात ढिम्म! "खांद्यापासून लांब दाबलं की थोडा जोरही पुरतो. दाराची कडी बिजागरीपाशी कुणी बसवतं का? तुमच्या यजमानांनी मला करून दाखवलं, बाटली असताना गुरुजींनी मनगट दाबलं, आसनाच्या वेळी दंड. बस्स, एवढंच."

"म्हणजे माझा देह काही बोललाच नव्हता?" बायकोनं विचारलं.

"नाही हो. आसनं जरूर करा, अंग मोकळं होईल. पण औषध सोडा असं कुणी म्हणालं, की आधी विचारायचं, कशावरून? आणि पुडी झाकून पुन्हा करून दाखवायला सांगायचं. खरं असेल तर तो घाबरणार नाही."

घरी येऊन बायकोनं गोळी गिळली. "लेकीला सांगता?"

शिंप्यानं फोन लावला. लेकीनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं बाबा. आईला म्हणावं, गोळ्या चुकवू नकोस," ती म्हणाली. "पण बाळाला आणायचं नाव काढू नका. माझी छातीच होत नाही."

बायको त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.



"काय म्हणाली हो? कधी आणतेय?"