सोमवारचं पोहणं

"ताई, मान खाली! अवं, वर काय ढग मोजून राहिल्या? तळाचा काळा पट्टा पाहा!"

शालिकरामांचा घसा बसला होता. अमरावतीच्या या पोहण्याच्या तलावाच्या काठावर शिकवताना ओरडण्यात त्यांची हयात गेली. पण जयवंताबाईंसारखं कोडं कोणी घातलं नव्हतं. उपकेंद्रातली ही नर्सबाई सायकलवर लशीचा डबा बांधून खेडोपाडी फिरलेली. धावायला, सायकलीला भारी. पोहणंही मंगळवार ते रविवार ठीकच. सोमवार आला की मात्र दगड!

आणि आज नेमका सोमवार. आज ठरल्या वेळेत पल्ला पोहून दाखवला, तरच अकोल्याच्या ट्रायथलॉनला नाव जाणार होतं. वर्षभर बाईंनी दुसरा ध्यास घेतला नव्हता. घरी नवरा "आता या वयात?" म्हणून हसून मोकळा झाला होता.

सरावाची फेरी संपवून बाई काठाला आल्या. चेहरा लालबुंद.

"श्वास कोंडून काहून धरता? आत हवा भरली, बाहेर सोडलीच नाई, तं नवी जाईन कुठून? मग मान उचलता, मान उचलली का कंबर बुडते. कितीदा सांगू? पाण्यात फुंकर मारा ना बाप्पा!"

"फुंकर मारायची तं तोंड उघडा लागते, सर."

"मंग उघडा! कुलूप हाय का तोंडाले?"

बाई हळूच म्हणाल्या, "आज सोमवार हाय. दिवे लागेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाई मी."

शालिकरामांनी कपाळावर हात मारला. वर्षभर ते हात, पाय, खांदे तपासत बसले होते आणि दुखणं निघालं उपासात! "देवा महादेवा! अवं, तलावातलं क्लोरीनचं पाणी कोणता देव मोजते?"

"देव नाई मोजत. मी मोजते."

शेजारच्या पट्ट्यात फार्मसी शिकणारी नगमा पोहण्याचा चष्मा पुसत होती. ती खुदकन हसली. "सर, रोज्यात मी येते न इथं? ताई, ओठ गच्च मिटायचे अन् पाण्यात नाकानं हम्म करत राहायचं. हवा आपोआप जाते. श्वास घ्यायले मान कुशीवर वळवली का तोंड पाण्याबाहेरच असते."

"हे तू मले आधी काहून नाई सांगितलं?" शालिकराम तिच्यावर खेकसले.

"तुमी बोलू देता का कोणाले?"

शिट्टी वाजली. जयवंताबाईंनी पाण्यात तोंड घातलं आणि कंबर वर आली ती वरच राहिली. फेरीमागून फेरी. शालिकराम काठाकाठानं चालत होते, ओरडायला काहीच नाही म्हणून चिडल्यासारखे. शेवटच्या वळणावर पलीकडच्या पोहणाऱ्याची लाट आली, बाई क्षणभर अडखळल्या, पुन्हा हात चालू लागले. भिंतीला हात टेकला. घड्याळ थांबलं. वेळेच्या आत!

टाळ्या पडल्या. "गेलं तुमचं नाव अकोल्याले!" शालिकराम म्हणाले.

बाई शिडीवर तशाच उभ्या. डोळे भरलेले.

"आता काय झालं, माय?"

"त्या लाटेत घोट गेला, सर. नेम मोडला."

"कोणी पाह्यलं?"

बाई टॉवेल घेऊन कपडे बदलायला गेल्या. शालिकरामांना वाटलं, हिला हलवून विचारावं, बाई, तुला जिंकायचं होतं की नव्हतं? त्याऐवजी त्यांनी फाटकाजवळच्या टपरीवरून दोन कप चहा मागवला.

बाई बाहेर आल्या तेव्हा शालिकरामांनी एक कप पुढे केला. "घ्या. मोडलाच हाय ना? आता दिवसभर कायले कोरड्या राहता?"

"तो चुकून गेला, सर. हा घेतला तं नेम मीच मोडला म्हणीन."

कप बाईंनी दोन्ही हातांनी घेतला, अन्नाला नाही म्हणायचं नसतं तसा, आणि कट्ट्यावर ठेवला. मग सायकल काढून उपकेंद्राच्या वाटेला लागल्या.

चहावर साय धरली. नगमानं कप उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," शालिकराम म्हणाले.

आणि बसलेल्या घशानं पुढच्या बॅचवर ओरडायला गेले.