शब्बाथच्या दिवशी गाडी

शुक्रवारी उन्हं उतरायला लागली आणि टीव्हीवर बातमी आली. पलीकडे लेबनॉनमध्ये एक घर कोसळलं होतं आणि आत आपले सैनिक होते. नावं सांगितली नाहीत. घरच्यांना कळवल्याशिवाय नावं सांगतच नाहीत. पण त्या भागात कोणती तुकडी आहे हे एफ्रातला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याची, यिनोनची. तिनं त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. तेवढ्यात शब्बाथचे, ज्यूंच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावायची वेळ झाली. सासूबाईंनी, मसूदानं, तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लोटलं. आता उद्या आभाळात तीन तारे दिसेपर्यंत फोन नाही, टीव्ही नाही, गाडीचं चाक नाही.

जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, असं शास्त्रच सांगतं. पण फोनवर नुसतं कळून कुणाचा जीव वाचतो? एफ्रात हेच स्वतःशी घोळवत दिव्यांपुढे डोळे झाकून उभी राहिली. छोटी हलेल तिच्या झग्याला धरून होती. आईनं डोळ्यांवरून हात काढले की बुवाकूक करायचं, एवढंच तिला माहीत. त्या दिवशी आईनं हात काढायला फार वेळ लावला.

त्या वाडीत सगळीच घरं शब्बाथ पाळणारी. शुक्रवारी सूर्य टेकला की पिवळं फाटक ओढून घेतात आणि रस्त्यावर फक्त बाबागाड्या, सायकली सोडून पळणारी पोरं आणि मांजरं उरतात. लढाई सुरू झाल्यापासून प्रत्येक घरात रेडिओ मात्र चालू ठेवतात. तो शब्बाथभर मुका असतो, रॉकेट येणार असेल तेव्हाच बोलतो. या शब्बाथला तो सकाळपासून एकदाही बोलला नव्हता. एफ्रातला त्या मुकेपणाचाही धसका बसला.

सकाळी प्रार्थनेहून परतताना बायका तिच्याशी फार गोड बोलल्या. समोरच्या शिफ्राचा मुलगाही त्याच तुकडीत. दोघींनी हलेल वाढली किती, तिला दात आले किती, याच्या गप्पा मारल्या आणि दोघींपैकी एकीनंही बातमीचं नाव काढलं नाही.

जेवणाच्या सुमारास मसूदानं रात्रभर मंद आचेवर ठेवलेलं भांडं उघडलं. गहू, बटाटे, मांस, आणि टरफलासकट तपकिरी झालेली अंडी. वास घरभर पसरला. यिनोनला त्यातलं अंडं आवडायचं. म्हणून मसूदानं त्याच्या वाटणीचं अंडं बाजूला काढलं आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "ये, बस. रिकाम्या पोटी काळजी जास्त चावते."

आणि तेव्हाच फाटकाकडून इंजिनाचा आवाज आला.

ज्या गावात शब्बाथला गाडी फिरत नाही, तिथे शब्बाथला गाडी आली तर तिचा अर्थ एकच. वर्दीतली माणसं येतात, दार वाजवतात, उभ्यानंच सांगतात. गेल्या हिवाळ्यात वरच्या आळीत अशीच आली होती. एफ्रातनं हलेलला उचलून छातीशी धरलं. आवाज सावकाश येत होता, पत्ता शोधल्यासारखा. पहिलं घर गेलं. बेकरीवाल्यांचं गेलं. आता शिफ्राचं दार आणि आपलं दार, एवढंच राहिलं. 'तिकडे थांबू दे,' असं एफ्रातच्या मनात येऊन गेलं. आलं ते आलंच. आपणच आपल्याला ओळखलं नाही असं तिला झालं.

गाडी त्यांच्याच दाराशी थांबली.

मसूदा इतकी वयस्कर, गुडघे धरून उठणारी, पण ती एका झेपेत दाराशी गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "उघडायचं नाही," ती म्हणाली. "उघडलं नाही तर सांगता येत नाही त्यांना. सांगितलं नाही तोवर झालं नाही."

टकटक झाली. एफ्रात भिंतीकडे तोंड करून उभी. पुन्हा टकटक.

"उम्म यिनोन, अहो यिनोनच्या आई, घरात आहात ना?" बाहेरून आवाज आला. "मी नझीह. वरच्या गावचा. अदहमचा बाप."

डोंगरावरच्या द्रुझ गावातला नझीह. त्या अरबी बोलणाऱ्या पंथाला शब्बाथ नसतो. दरवर्षी मसूदाच्या बागेतली ऑलिव्ह घाण्यावर नेणारा. त्याचा अदहम आणि यिनोन एकाच तुकडीत. मसूदा तशीच दाराला चिकटून. "वर्दी आहे का अंगात?" तिनं विचारलं.

"माझ्या? या पोटाला कुठली वर्दी बसते?" नझीह म्हणाला. "अहो, सकाळी अदहमचा फोन आला. दोघं शेजारी शेजारी बसून चहा पितायत. तुमचे फोन बंद असतात म्हणून मीच सांगायला आलो. पहाटेपासून गोळीबार थांबलाय. तह झालाय म्हणतात."

मसूदाची पाठ दारावरून घसरत गेली आणि ती खालीच बसली. तिला जरा बाजूला सरकवून दार एफ्रातनं उघडलं. तिनं नुसती हलेल त्याच्या हातात दिली, जणू हातात धरलेलं कुठेतरी ठेवायलाच हवं होतं. मग तिला रडू आलं.

मसूदाला मात्र शब्द सापडले. "तुझ्या गाडीला आग लागो, मेल्या! पायी यायला पाय नव्हते? शब्बाथला गाडी आमच्याकडे कशाला येते, ठाऊक आहे तुला?"

नझीहला ठाऊक नव्हतं. फोन बंद असतो हे त्याला माहीत होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ओळखून आत सोडलं, एवढंच. एफ्रातनं डोळे पुसत सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं मागे वळून आळी पाहिली. खिडकी-खिडकीत पडदा सरकलेला, आणि शिफ्रा तिच्या उंबऱ्यावर, चौकट धरून.

एफ्रातनं विचारलं, कोसळलेल्या घरात कोण होतं? नझीह म्हणाला, दुसऱ्या तुकडीतली पोरं. देव त्यांच्या आयांना बळ देवो. आपल्या तुकडीतला एकही गेला नाही, अदहमनं आधी हेच सांगितलं. मग हळूच म्हणाला की त्याच्या बायकोची मावशी हद्दीपलीकडे दिलेली आहे, तिच्याकडचीही खुशाली आजच कळली. तळघरातून वर आलीत म्हणे माणसं, घराचं छप्पर गेलंय, पण अंगणात चूल पेटवून पोळ्या भाजतायत.

मसूदानं त्याला जबरदस्तीनं पानावर बसवलं आणि यिनोनचं अंडं त्याला वाढलं. यिनोन आला की नवं शिजवू, म्हणाली. त्यानं घाईघाईनं खाल्लं. त्याचं लक्ष दाराबाहेरच होतं. "आता ही गाडी बाहेर कशी काढू?" तो पुटपुटला. "परत जाताना अजून कुणाच्या काळजाचं पाणी करू?"

एफ्रात उठली. डोक्याला रुमाल नीट बांधायचंही तिला सुचलं नाही. हलेलला कडेवर घेऊन ती अनवाणीच रस्त्यावर उतरली आणि गाडीच्या पुढे चालू लागली. मागे नझीह, पावलाच्या वेगानं. ज्याला खिडकीतून गाडी दिसेल त्याला गाडीआधी तिचा चेहरा दिसेल, म्हणून ती मुद्दाम हसत होती. मग थोड्या वेळानं मुद्दाम हसायची गरज राहिली नाही.

आधी ती शिफ्राकडे गेली. "तुझाही," एवढंच म्हणाली. "सगळेच." शिफ्रानं तिला इतकं घट्ट धरलं की हलेल मधे चेपून किंचाळली. आपल्या मनात काय येऊन गेलं ते एफ्रात बोलली नाही. फक्त आणखी थोडा वेळ तिनं शिफ्राला सोडलं नाही.

शिफ्रा तिच्याबरोबर चालू लागली. बेकरीवाली आली. पोरं धावत आली. दारादारांतून लोक उतरत गेले, आणि एकीनं दुसरीला सांगायच्या आत तिसरीला कळत गेलं. नझीह खिडकीतून डोकं काढून म्हणाला, अशी वरात तर माझ्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती. कुणीतरी ओरडलं की मग नवरदेवानं पोट आत घ्यावं.

फाटकाशी पोचेपर्यंत एफ्रातच्या मागे गाडी होती आणि गाडीमागे अर्धी वाडी.