काचेवरचं पिल्लू

कोंबडीचं पिल्लू काचेवरचा दाणा टिपतं तेव्हा दोन आवाज होतात, आधी दाण्याचा आणि लगेच काचेचा. दाणे संपले की नुसता काचेचा उरतो. लिगायाने तो वडिलांच्या शवपेटीपाशी ऐकला होता. फिलिपाइन्समधल्या तिच्या गावात खून झालेल्या माणसाच्या पेटीच्या काचेच्या झाकणावर जिवंत पिल्लू सोडतात. ते टोचत राहतं, तसं खुन्याला त्याचं मन टोचत राहावं म्हणून.

अमादोरला काही टोचलं नव्हतं. चांगला गरगरीत होऊन तो सौदीतल्या अल-खोबरला सत्कार घ्यायला आला होता.

तिचे वडील सेल्सो गावात साप्ताहिक चालवायचे. अमादोर त्यांचा उजवा हात. नदीतल्या वाळूचोरीवर सेल्सो लिहीत सुटले आणि एका संध्याकाळी त्यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. सकाळच्या अंकात अमादोरची बातमी होती: गोळ्या लागून संपादक मोटरसायकलवरून कोसळले. गाव वाचून रडलं. लिगाया त्या ओळीवर अडली. मोटरसायकल खुनाच्या दिवशी सकाळीच तिने गॅरेजात टाकली होती. बाबा चालत निघाले होते.

अंक वेळेवर निघावा म्हणून बातमी आधीच लिहून ठेवायची, ही अमादोरची सवय. निवडणुका, वादळं, सगळं तो आधी लिहायचा आणि मागाहून दुरुस्त करायचा. खुनाचीही बातमी त्याने आधीच लिहिली होती; या वेळी दुरुस्ती राहून गेली होती.

धाकटा याच गावात वाढायचाय, तोंड उघडू नकोस, असं आईने बजावलं. लिगाया गप्प राहिली आणि सौदीला येऊन कारखान्याच्या लॅबमध्ये पाणी तपासू लागली. यंदा आई गेली. धाकटा केव्हाच कॅनडात पोचला होता. तरी नोकरी सोडून कायमचं परतायचं, फायनल एक्झिट मागायचा, हे तिच्या ओठांवर येऊन परत जाई. लॅबच्या प्रमुख मधुमती नाशिकच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. इथे चारचौघांत त्याचं नाव घेतलंस आणि त्याने तक्रार केली तर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, अडकेल, मग तू तिकडच्या कोर्टात पोचणारच नाहीस, असं त्यांनी समजावलं होतं.

शुक्रवारी दुपारी फिलिपिनो रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये अमादोर पत्रकारितेचा इतिहास सांगत होता. मार्शल लॉमध्ये मोठी वर्तमानपत्रं बंद पडली आणि मग चिमुकल्या पत्रांनी डासांसारखं चावून सत्तेची झोप कशी उडवली, ते त्याने रंगवून सांगितलं. शहीद मित्र सेल्सोसाठी रुमालही काढला. लिगायासोबत आलेल्या मधुमती पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

काचेचं स्मृतिचिन्ह द्यायचा मान सेल्सोच्या मुलीचा. ती समोर येताच अमादोर माइकवरच हसला.

"बाप शाई उडवायचा, पोरगी ॲसिड उडवते!"

हॉल हसला. लिगायाने स्मृतिचिन्ह पुढे केलं, पण सोडलं नाही.

"तितो," ती म्हणाली. गावात ती त्याला काका म्हणायची, तसंच. "बाबांची मोटरसायकल त्या दिवशी गॅरेजात होती."

"कुठली मोटरसायकल?"

"तुम्ही बातमीत लिहिलीत ती. गॅरेजवाला जिवंत आहे. मी विचारलंय त्याला."

अमादोरचे हात काचेवरून निसटले. लिगायाने नखाने काचेवर टकटक केलं, सावकाश, माइकला ऐकू जाईल असं. त्याच्या कपाळावर घाम जमेपर्यंत ती थांबली नाही. मग पुढच्या रांगेकडे वळली.

"मॅम मधू, मला फायनल एक्झिट हवाय. मी याच्याविरुद्ध साक्ष द्यायला जातेय."