एकाच पानावरच्या दोन ओळी

महाराज, तुम्ही माझं अर्धं पान गिळलंत. भर वावरात, चार माणसांदेखत गिळलंत.

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे. सारंगखेड्याजवळच्या एका घरात लाल फडक्यात बांधलेली असते. चुडामण नावाच्या माणसानं मला बोरूनं लिहिलं. त्या साली त्याची नाव तापीत उलटली होती आणि घरातली तीन माणसं पटकीनं गेली होती. भेदरलेल्या माणसाला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. उपाशी वाटसरूला जात न विचारता भाकर द्यावी, हेही लिहिलं. ते पान कोणी उघडत नाही. बाकीच्या पानांवर हळदीकुंकवाचे थर चढलेत, उरलेलं उंदरांनी कुरतडलं. थकले मी.

दरवर्षी दादर पेरायच्या दिवशी मला वावरात नेतात. ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी. महाराज माझं एक पान वाचतात, मग घरची बाई पेरायच्या पांभरीच्या चाड्यात बियाण्याची पहिली मूठ टाकते. जी मूठ टाकेल तिचंच वावर, असं गाव धरून चालतं.

यंदा फुलवंताबाईचा नवरा वारला. वावर तिच्या नावावर, नांगरून घेतलं तिनंच. पण दीर हेमराजनं आपल्या बायकोला मूठ भरून पुढे उभं केलं. आणि महाराज, तुम्ही वाचलंत, 'विधवेने बियाण्यास हात लावू नये.'

ती ओळ माझ्यातच आहे, मित्रांनो. मी नाकारत नाही.

फुलवंताबाईची मुलगी सोनम माझ्यावर वाकली. "महाराज, वरनी ओळ बी वाचा ना."

"ती कामनी नही, पोरी."

मग तिनंच वाचली. तापी ओलांडून आलेल्यानं तीन दिवस बियाण्याजवळ उभं राहू नये.

फुलवंताबाई शांतपणे म्हणाली, "महाराज, आज तुम्ही कसा उनात?"

"फटफटीवर. पुलवरथीन." मग तुम्ही जीभ चावलीत. "माय, ते जुना काळनं शे. तवय पूल नव्हता."

"मंग मन्हावाली ओळ काय पूल व्हयना तवय लिखी का?"

हेमराजलाही हसू फुटलं, पण त्यानं लगेच मान खाली घातली. तुम्ही मात्र मला घाईघाईनं फडक्यात गुंडाळलंत.

जुन्या ग्रंथाला आजच्या मापानं मोजू नका, असं तुम्हीच सांगत फिरता. का मोजू नये? चुडामणच्या वेळी ज्या विधवेला बांधावर उभं केलं, तिला काय कमी लागलं असेल? तिचं रडणं जुनं नव्हतं. ते लिहून ठेवायला कोणी बोरू उचलला नाही, एवढंच. चुडामणची भीती मला कळते. पण त्याच्या भीतीला तुम्ही देवाचा शब्द म्हणता, त्याची मला लाज वाटते.

मित्रांनो, मला जाळू नका आणि माझ्यापुढे नाकही घासू नका. मला पूर्ण वाचा. चूक दिसली तर चूक म्हणा, मी फाटणार नाही.

आणि महाराज, तुम्ही. बैल जुंपलेले आहेत, फुलवंताबाई मूठ आवळून पांभरीशी उभी आहे. पान एक, शाई एक, लिहिणारा एक. तुमच्यावरची ओळ जुनी झाली आणि तिच्यावरची कायमची राहिली, हे ठरवलं कोणी? फडकं सोडा आणि तिच्यासमोर उत्तर द्या.