वरणातलं मीठ

वरणाचा पहिला घास घेताच मेघानं डोळे मिटले. मीठ पुन्हा दुप्पट पडलं होतं.

"माह्याच हातानं झालं," तिचे सासरे प्रेमदास लगेच म्हणाले. "टाकलं अन् इसरलो."

"तुम्ही सैपाकघरात येताच कायले?" सासू धुरपता करवादली, आणि लिंबू आणायला उठली.

हल्ली हे वरचेवर होई. गॅस चालू राहिला, तर प्रेमदासांकडून. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला, तर त्यांनीच टाकलेला. बोरगाव मेघेच्या त्यांच्या गल्लीत 'बुढा चळला' असं लोक आता उघड बोलत. मेघाच्या अंगाचा तिळपापड होई. उभ्या जन्मात कुणाला न दुखावलेल्या माणसाला असं म्हणवतं तरी कसं! तिचा नवरा धम्मदीप 'डिमेन्शिया' म्हणे. तोच शब्द, फक्त इस्त्री केलेला.

शेवटी तीच त्यांना वर्ध्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, कागदावर घड्याळ काढून घेतलं. प्रेमदासांनी सगळं बिनचूक केलं, आणि वर भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्याचंही डॉक्टरांना सांगितलं.

"यांना काही झालेलं नाही," डॉक्टर हसून म्हणाले.

बाहेर बाकावर मेघानं सासऱ्यांकडे पाहिलं.

"मामाजी, मग ते मीठ?"

प्रेमदासांनी वाकून चपलेचा अंगठा नीट केला.

"थे तुह्या सासूच्या हातून होते. गॅस बी, चष्मा बी. बुद्धपौर्णिमेले सारी वस्ती तिच्या हातची खीर खाते, माय. मले चळला म्हणलं तं मी हासून देतो. तिले कोणी म्हणलं, तं ती चुलीजवळ जानार नाई. मंग तिचं काय उरलं?"

"पण त्यांना दाखवावं तर लागेल."

"दाखवू. दवाई आनू. थो शब्द नको आनू घरी."

मेघानं त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांदेखत धुरपतेनं भाजीत मीठ टाकलं, दोन गोष्टी बोलली, आणि पुन्हा टाकलं. मेघा पोळ्या लाटत राहिली.

जेवताना प्रेमदासांनी घास गिळून तोंड उघडलं, पण मेघा आधी बोलली.

"मीच टाकलं दोनदा, आत्याबाई. ध्यानातच नाई राह्यलं."

धुरपतेनं कपाळावर हात मारला, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"पाहा वो माय! पोरगी सासऱ्यावरच गेली."

प्रेमदासांनी मान वर न करता आणखी भाजी मागितली.