हीच हिच

खिट्टी बोटाएवढीच होती, बारीक साखळीला लटकलेली आणि एका टोकाला वाकवलेली. शुभदा ती अंगठ्यानं उगाच पुढेमागे करत उभी होती. ह्या काळ्या, तेलकट धुडावर उद्या एक अख्खं चाकांवरचं घर टेकणार, आणि ते हायवेवर सुटून जाऊ नये म्हणून शेवटी काय, तर ही एवढीशी... आणि तिच्या पाठीमागे नंदू सेल्समनला सांगत होता, "माय वाइफ विल बी ड्रायव्हिंग, सो वी नीड समथिंग ईझी."

ईझी. तिनं खिट्टी सोडली, ती लोखंडावर टणकन वाजली, पण दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

सप्टेंबरातला शनिवार होता. व्हिटबीच्या उत्तरेला, घरं संपून मक्याची शेतं लागतात तिथलं हे दुकान, आणि त्याच्या मागच्या आवारात त्यांचा ट्रेलर तयार होऊन उभा होता. फिफ्थ व्हील म्हणतात त्यातला — ज्याची मान पिकअपच्या मागच्या हौद्यात येऊन टेकते, आणि त्या मानेखालची खुंटी ज्या जबड्यात अडकते ती ही हिच. पुढे देशभर फिरायचं म्हणून नंदूनं मार्चमध्ये तो बुक केला तेव्हा रिटायरमेंटला जेमतेम महिना उरला होता आणि त्याचं लायसन्स त्याच्या खिशात होतं. मे महिन्यात एका सकाळी चहा ओतता ओतता तो खाली कोसळला, हातपाय ताठ, तोंडाला फेस... ती फीट होती. इथल्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांनी वर कळवलं आणि लायसन्स गेलं. ट्रेलर मात्र गेला नाही. आणि ट्रेलर गेला नाही म्हटल्यावर तो ओढणार कोण, हा प्रश्न नंदूला पडलाच नाही. प्रश्न पडायला समोर कुणीतरी माणूस आहे असं वाटावं लागतं.

पिकअपचा हौदा आखूड होता. आखूड हौदा असला की मोठं वळण घेताना ट्रेलरचं नाक येऊन केबिनच्या मागच्या काचेवर आदळतं, म्हणून हिच मागे सरकणारीच हवी. एवढ्यावर तिघांचंही एकमत होतं. आता एक होती वळणावर आपोआप सरकणारी. दुसरी ही, जिच्यासाठी दर वेळी गाडी थांबवायची, खाली उतरायचं, बाजूचा दांडा ओढायचा आणि परत चढायचं.

"ऑटोमॅटिकच बरी," नंदू मराठीत म्हणाला, तिच्याकडे न बघता. "तू उतरायचं विसरशील."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विसरेन. रोज सकाळी, बाहेर काळोख असताना, नाकातले केस गोठतील अशा थंडीत मी शाळेच्या बसभोवती फेरी मारते, दिवे बघते, टायर बघते, आणि शेवटचं मूल उतरलं की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून बघते — कुणी झोपून राहिलं नाही ना, कुणाचा हातमोजा, कुणाचा डबा... अठरा वर्षं. आणि विसरणार मी. गॅरेजचं दार रात्रभर सताड उघडं टाकणारा हा माणूस, कुकर लावला आहे हे सांगूनही शिट्ट्या न मोजणारा, मुलीच्या पेरेंट-टीचर मीटिंगला भलत्याच शाळेत जाऊन बसलेला हा माणूस मला सांगतो की तू विसरशील.

पण ती हे बोलली नाही. दुकानात, परक्या माणसासमोर काय बोलणार? हेच नेहमीचं. बोलायची वेळ येते तेव्हा नेमकं कुणीतरी परकं समोर असतं, आणि घरी गेल्यावर ते बोलणं शिळं झालेलं असतं.

त्या दिवशीही असंच झालं होतं... रिचमंड हिलला, महाराष्ट्र मंडळातल्या अरुणाकडे दिवाळीचं जेवण होतं, शुभदाला बसची नोकरी लागून महिना-दोन महिने झाले असतील. एम.एस्सी. बॉटनी, सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं शिकवलेलं, आणि इथे त्या कागदाला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. मग तिनं स्वतः जाऊन बसचं ट्रेनिंग घेतलं, पहिल्या फटक्यात पास झाली, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. त्या उंच सीटवर बसलं की रस्ता कसा आपल्या मांडीवर घेतल्यासारखा वाटायचा. अरुणानं वाटीत श्रीखंड वाढत विचारलं, "शुभदा, तू काय करतेस गं हल्ली?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत नंदू म्हणाला, "ती स्कूल बोर्डात आहे. ट्रान्सपोर्टेशनमध्ये." अरुणा म्हणाली, "वा, प्लॅनिंग वगैरे?" आणि तो हसून म्हणाला, "तसंच काहीतरी."

तसंच काहीतरी. त्या दिवसापासून ती मंडळात, फोनवर, पुण्याच्या दिराला लिहिलेल्या पत्रातसुद्धा ट्रान्सपोर्टेशनमध्ये होती. पिवळी बस रात्री घरासमोर लावायची परवानगी होती, पण नंदूला ते चालत नसे. ती दोन गल्ल्या पलीकडे चर्चच्या पार्किंगमध्ये लावून बर्फातून चालत यायची. का, तर शेजारी संजय राहायला आला होता, मुंबईकडचा, आणि त्याची बायको गावभर करेल. गावभर काय करेल? शुभदा काम करते हे?

आणि मागच्या आठवड्यात, गणपतीच्या आरतीनंतर, त्याच अरुणासमोर, त्याच सगळ्या माणसांसमोर, हातात प्रसादाची वाटी धरून हाच माणूस म्हणाला, "आता शुभदाच चालवणार. तिला काय, बस चालवते ती. एवढी लांबलचक गाडी मागे घेते ना, तुम्ही बघतच राहाल." अभिमानानं सांगितलं. सगळ्यांनी 'अय्या', 'हो का' केलं. अठरा वर्षं जी ट्रान्सपोर्टेशन होती ती एका संध्याकाळी बस झाली, कारण आता त्याला तिची गरज होती. वर म्हणाला, "पुढच्या जूनमध्ये सोडतेच आहे ती नोकरी." तिनं ते अरुणाच्या सोफ्यावर बसून ऐकलं — आपण नोकरी सोडतो आहोत ही बातमी.

मुलीला, अबोलीला तिनं फोन केला होता. अबोली ओटावाला, कनाटाला नोकरी करते. आईचं मराठी सगळं ऐकून घेते आणि उत्तर इंग्रजीत देते. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मॉम, डिड ही ईव्हन आस्क यू?" विचारलं नाही हे तर शुभदालाही माहीत होतं, पण विचारलं नाही म्हणजे काहीतरी चुकलं, असं इतक्या सरळ शब्दांत तिच्या स्वतःच्याही कधी मनात आलं नव्हतं. आता आलं होतं, आणि जाता जात नव्हतं. विचारलं का? साधं तोंड उघडून, 'शुभदा, तू चालवशील का' असं कुणी विचारलं का मला?

"हीच," नंदू मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं आपोआप सरकणाऱ्या हिचवर हात ठेवला.

"येस सर," सेल्समन म्हणाला. त्याच्या छातीवर वॉरेन असं नाव लावलेलं होतं. "दॅट्स अ हिच."

नंदूला आपण मराठीत बोललो हे कळलंच नाही. "हीच," तो पुन्हा म्हणाला, आणि वॉरेननं पुन्हा मान डोलावली, की हो, हिचच आहे ही, ह्यात काय शंका. दुसऱ्या एखाद्या दिवशी शुभदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली असती. आज तिला तो शब्द कानफटात बसल्यासारखा लागला... हीच. सांगलीच्या घरी, पोह्यांच्या बशा उचलायच्याही आत, त्यानं आपल्या आईच्या कानात सांगितलं होतं म्हणे, 'हीच'. ही गोष्ट सासूबाई जन्मभर सांगत राहिल्या, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, आल्यागेल्याला: आमच्या नंदूनं बाकीच्या मुली बघितल्यासुद्धा नाहीत, जागच्या जागी म्हणाला, हीच. आणि सगळ्या बायका शुभदाकडे बघून हसायच्या, तिनं लाजावं म्हणून, आणि ती लाजायचीसुद्धा. बोट दाखवून म्हणाला. असाच हात ठेवून. आणि मला कुणी विचारलं होतं — की बाई, तुला हाच का? व्हिटबीचं घर बघायला गेलो तेव्हा दारातच 'हेच'. अबोलीची शाळा, 'हीच'. आणि मी मागे उभी, पर्स सांभाळत.

"ही नको," शुभदा म्हणाली.

आपला आवाज इतका शांत कसा, ह्याचं तिलाच नवल वाटलं. ती वॉरेनकडे वळली. "आय वॉन्ट द अदर वन. द मॅन्युअल." मग त्याच दमात, "आय विल गेट डाउन. आय ऑलवेज गेट डाउन."

वॉरेन एकदा तिच्याकडे, एकदा नंदूकडे बघून म्हणाला, दोन्ही चांगल्या आहेत, टेक युअर टाइम, फोक्स. नवराबायकोच्या भांडणात त्याचा धंदा कितीदा अडकला असेल कोण जाणे. तो हळूच काउंटरकडे सटकला.

"हट्ट कशाला करतेस?" नंदू दबक्या आवाजात म्हणाला.

"अहो, हट्ट? चालवणार मी. उतरणार मी. मग तुम्हाला काय त्रास आहे?"

नंदूचा चेहरा लाल झाला. तो वळला आणि दार ढकलून बाहेर पडला. तिला मागे जावंच लागलं, कारण किल्ली तिच्याकडे होती. तो सवयीनं पिकअपच्या डाव्या, ड्रायव्हरच्या दाराशी गेला, हात हँडलपर्यंत गेला, मग आठवलं, आणि तो पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. मेपासून रोज असंच व्हायचं, आणि रोज ती दुसरीकडे बघायची. आज तिनं बघितलं. मुद्दाम बघितलं.

दोघं आत बसले. तिनं गाडी सुरू केली नाही.

"तू उतरलीस म्हणजे," नंदू म्हणाला आणि थांबला. समोरच्या शेतात मका वाळून पिवळा पडला होता, तो तिकडेच बघत होता. "इंजिन चालू. पाठीमागे एवढा ट्रेलर. आणि केबिनमध्ये मी एकटा. तेव्हाच मला काही झालं तर? पाय कुठे पडेल, हात कुठे जाईल... तू मागे दांडा ओढत असशील, हौद्याच्या आणि ट्रेलरच्या मध्ये."

हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. क्षणभर तिला तो दिसला, सांडलेल्या चहात पडलेला. पण राग काही गेला नाही. उलट तो आणखी चढला, वेगळ्याच बाजूनं — म्हणजे भीती तुमची, आणि विसरणार मी? लाज तुमची, आणि दोन गल्ल्या चालत येणार मी? हे सांगता येत नव्हतं का, तिथे, सरळ? प्रत्येक वेळी स्वतःचं काही झाकायचं असलं की माझंच पांघरूण का लागतं ह्या माणसाला?

"मग हे सांगायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या विसरण्यावर कशाला ढकललंत?"

"चुकलं," तो म्हणाला. इतक्या पटकन त्यानं कधी काही कबूल केलं नव्हतं.

दुकानाच्या काचेतून वॉरेन त्यांच्याकडे बघत होता; तिची नजर गेली तसा तो दुसरीकडे बघायला लागला.

"विचारलं नाही तुला, खरंय," नंदू म्हणाला. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग काय केलं असतं मी?" तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "शुभदा... नेशील ना मला?"

नेशील. लग्नानंतर पहिल्यांदा महाबळेश्वरला जाताना, कॅनडाला यायचं ठरलं तेव्हा, नायगाऱ्याला, अबोलीच्या ग्रॅज्युएशनला, कुठेही जायचं झालं की हा म्हणायचा, चल, तुला नेतो. नेणारा तो, जाणारी ती. आणि आज हे वाक्य त्याच्या तोंडून उलटं आलं, आणि वर त्याला प्रश्नाचा सूर होता — खरा, उत्तर माहीत नसलेल्या माणसाचा.

किती दिवस वाट बघितली होती तिनं ह्याची. रिकाम्या बसमध्ये, आरशात बघत, तिनं उत्तरं घोकून ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी. आता त्यांतलं एकही जिभेवर येईना. आणि 'हो' तर अगदी जवळ होतं. हो म्हणायचं आहे हे तिला कळत होतं; तो लांबच लांब रस्ता, प्रेअरीच्या सपाट गवताळ मुलखातला, सरळ, वळणं नसलेला, तिनं कितीदा तरी मनात चालवून बघितला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. एक अक्षर. म्हटलं की संपलं.

पण ती म्हणाली नाही. नंदू तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता, श्वास आवरून, तिच्या एका शब्दासाठी असा कधीच न थांबलेला माणूस. थांबू दे, तिच्या मनात आलं. बसू दे थोडा वेळ. बघू दे, कसं वाटतं ते. आणि त्या थांबवण्यात तिला बरं वाटत होतं, आजवर कधी कशात वाटलं नव्हतं इतकं बरं, सर्वांगाला ऊब यावी तसं — आणि हे कळलं तेव्हा तिचा राग जागच्या जागी थिजला, कारण आपण ह्याला असं किती वेळ बसवून ठेवू, ह्याचा तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.