माझे हरवलेले शून्य

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. एक मीटर लांबीची. निदान लोक तसे समजत आले आणि पुष्कळ वर्षे मीही त्यांना तसे समजू दिले. आज जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान वर होत नाही. पण सांगितल्याशिवाय जिवाला चैन पडायची नाही.

एका म्हाताऱ्या सुताराने मला गाठ नसलेल्या सरळ फळीतून कापले. रंधा मारला, पॉलिश केले, सेंटिमीटरच्या काळ्या रेघा आखल्या. आकडे मात्र दर पाच रेघांनीच घातले. टोके झिजू नयेत म्हणून दोन्हीकडे पितळेच्या छोट्या टोप्या बसवल्या. मी शाळेत आले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी कपाटातल्या बाकीच्या पट्ट्या माझ्याशेजारी धरून पाहिल्या. ज्या जुळल्या नाहीत त्या बाद केल्या. मग मला हातात तोलत ते म्हणाले, "ही आपली खरी पट्टी." ते वाक्य मी मनात जपून ठेवले. जरा जास्तच जपले.

आमच्या शाळेत दोन परीक्षा असत. एक लेखी, आणि दुसरीला सगळे 'करून दाखवा' म्हणत. दुसरीत मुलांनी उत्तर लिहायचे नसे, काम करायचे असे. विज्ञानात सावली मोजायची, भूगोलात मैदानाचा नकाशा काढायचा, हस्तकलेत पुठ्ठ्याची पेटी करायची. प्रत्येक ठिकाणी मी लागायचीच. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर मला मुले पळवत न्यायची. "आधी आम्ही मागितली होती!" "तुमचं झालं ना, सोडा आता." ही ओढाताण मला फार आवडायची.

एका वर्गाची वरची खिडकी उंचावर होती. तिची कडी काढायला शिपाईमामा मला वापरत. एकदा कडीत माझी टोपी अडकली, निघाली आणि शून्याकडचे टोक चिरले. मामा काही निष्काळजी माणूस नव्हते. "पोरांच्या हातात कुसळ जाईल," असे पुटपुटत त्यांनी चिरलेला भाग करवतीने काढून टाकला, पॉलिश कागदाने घासला आणि टोपी पुन्हा ठोकून बसवली. इतकी छान, की मी पहिल्यासारखी दिसू लागले. एक सेंटिमीटर गेला होता. पहिल्या पाचांत चारच उरले हे कुणी मोजून पाहिले नाही.

मला कळले होते. अंगातला तुकडा गेला की कुणाला कळत नाही? मला बोलता येत नव्हते हे खरे. पण बोलता आले असते तरी मी बोलले असते का, कोण जाणे. टोपी चकाकत होती, मुले ओढाताण करत होती, आणि मी अजून 'खरी पट्टी' होते. लांब उडी मोजताना तर प्रत्येकाची उडी दोन-तीन सेंटिमीटर वाढायची. तेव्हा कुणाची तक्रार यायची नाही.

मग त्या वर्गात एक मुलगी आली. तिची आई कपडे शिवायची. मुलगी छातीकडे बघत हळू बोलायची, म्हणून मुलांनी तिचे नाव 'पुटपुटी' ठेवले होते. लेखी परीक्षेत तिची अक्षरे जागा बदलायची, अर्धा पेपर कोरा राहायचा. गणिताच्या बाईंनी तिच्या आईला बोलावून सांगितले, "लेखीत फार मागे आहे हो. 'करून दाखवा'त चांगले गुण पडले तर वर जाईल. नाहीतर हेच वर्ष पुन्हा."

आई म्हणाली, "करून दाखवायचं असलं तर काळजी नाही, बाई. माझ्या मशीनचा पट्टासुद्धा तीच बसवते."

त्या वर्षीचे काम बाईंनी मनापासून ठरवले होते. वर्गाच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा होता. तिथे पुस्तकांसाठी फळी बसवायची. प्रत्येकाने कोनाड्याची रुंदी मोजायची, चित्रकलेच्या तासाला आकृती काढायची आणि भाषेच्या तासाला सुतारकाकांना पत्र लिहायचे. एका कामात तीन विषय. आदल्या दिवशी बाईंनी स्वतः मला कोनाड्यासमोर आडवे धरून पाहिले आणि वहीत बरोबर उत्तर लिहून ठेवले, पंच्याऐंशी. माझा त्यांच्यावर जीव होता. तरी मी त्यांना फसवले.

परीक्षेत एकेकाने मला टोकापासून लावले. पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी. बाई खुशीत होत्या. मग ती आली. तिने माझी टोपी अंगठ्याने चाचपली आणि मला असे सरकवले की कोनाड्याची कड दहाच्या रेघेवर आली. दुसरी कड चौऱ्याण्णववर. ओठ हलले आणि तिने लिहिले, चौऱ्याऐंशी.

"ए, ही बघ, मधूनच मोजतेय," मागून कुणी तरी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "अगं, मोजायचं शून्यापासून असतं. दुसरीतलं आहे हे."

"आई म्हणते, टोकावर विसंबू नये. टेपचं टोक झिजून खोटं झालेलं असतं. दहापासून धरायचं."

"टोक कसं खोटं बोलेल? त्याला तोंड आहे का?" एक मुलगा म्हणाला आणि वर्ग हसला. बाईही थोड्या हसल्या. मग त्यांनी वहीत मापाच्या रकान्यात तिच्या नावापुढे शून्य लिहिले.

मित्रांनो, ते शून्य माझे होते. माझ्या अंगावरून गेलेले, मी लपवलेले. ते त्या पोरीच्या नावापुढे जाऊन बसले. मी तिच्याच हातात होते.

बाईंनी वर्गातले सगळ्यात सुबक पत्र निवडून सुतारकाकांना पाठवले. आठवड्याने ते फळी घेऊन आले. फळी कोनाड्यात जाईना. तिरकी केली, उलटी केली, खालून ठोकली. शेवटी त्यांनी कमरेचा टेप काढला.

"चौऱ्याऐंशी आहे हा. कुणी मोजलं?"

"सगळ्या वर्गानं," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा."

"कमाल आहे. शाळेचं माप म्हणून मी पुन्हा बघायलाही आलो नाही."

ज्या मुलाने तोंडाचा विनोद केला होता तोच हळूच म्हणाला, "बाई, पुटपुटीनं लिहिलं होतं चौऱ्याऐंशी."

बाईंनी गठ्ठ्यातून तिचे पत्र शोधून काढले. अक्षरे वेडीवाकडी होती. त्यांनी ते मोठ्याने वाचले. "काका, फळी चौऱ्याऐंशीची करा. पट्टीचं टोक मला बरोबर वाटत नाही. म्हणून दहापासून मोजलंय."

सुतारकाकांनी मला टेबलावर ठेवून टेप लावला. नव्व्याण्णव. टोपी उपटली, तर खाली करवतीचा पांढरट काप. इतक्या वर्षांत मला कुणी असे उघडे केले नव्हते. दारात उभ्या असलेल्या मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मीच कापली होती. पोरांना टोचेल म्हणून. सांगायचं राहूनच गेलं."

बाईंनी पत्राची घडी घातली. मग मुलीच्या बाकापाशी गेल्या. "मी तुझं उत्तर बघितलं, तू मोजलंस कसं ते बघितलंच नाही. आणि परीक्षेचं नाव आपण 'करून दाखवा' ठेवलंय. चूक माझी आहे, बाळ."

मुलगी छातीकडे बघत म्हणाली, "फळी एक सेंटिमीटर कापली की बसेल, बाई."

वर्ग हसला, पण या वेळचे हसणे वेगळे होते. बाईंनी शून्य खोडून पूर्ण गुण लिहिले आणि सगळ्यांना मापाचे काम पुन्हा करायला लावले. ती वरच्या वर्गात गेली. फळी अजून कोनाड्यात आहे.

माझी लाज मात्र तेवढ्याने फिटली नाही. तिच्याआधीही मुले होऊन गेली. त्यांतल्या कुणी बरोबर मोजले असेल आणि माझ्यामुळे त्यावर लाल काट मारली गेली असेल. ती मुले आता मोठी झाली. त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. त्यांची क्षमा मी कुठे मागू?

मामा माझ्यासाठी पितळेची नवी टोपी घेऊन आले होते. त्या मुलीनेच त्यांना थांबवले. "राहू द्या ना मामा. उघडं असलं की दिसतं." मग तिने दहाच्या रेघेवर लाल रंगाने एक छोटा बाण काढला. आता मुले तिथूनच मोजतात.

मित्रांनो, मी तुमच्याकडे इतकेच मागते. कुणाचे उत्तर चुकले असे म्हणण्याआधी, ज्याने ते तपासले त्यालाही एकदा तपासून पाहा. आणि काम झाल्यावर मला खिळ्याला टांगाल, तेव्हा माझे कापलेले टोक भिंतीकडे करू नका. मला लाज वाटते, म्हणून तर ते समोर असू द्या.